एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायदा) : ४० ग्रॅम गांजा, पहिलाच गुन्हा. दंड भरून मोकळं व्हावं की प्रोबेशन मागावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्रच असतो. फौजदारी वकिली करणाऱ्यांनी किंवा या चक्रातून गेलेल्यांनी कृपया लिहावं. गांजा वाईट, यावर घरात पुरेसं बोलून झालंय, ते इथे नको.

भाचा २० वर्षांचा, नाशिकला इंजिनिअरिंगला. सॅकमध्ये साधारण ४० ग्रॅम गांजा सापडला. सिव्हिलला मेडिकल झालं, जामीन मिळाला, सीए (रासायनिक तपासणीचा) रिपोर्टही आला. चार्जशीटमध्ये कलम २० (गांजा बाळगणं) आणि २७ (सेवन). गांजात एक किलोपर्यंत 'अल्प प्रमाण' धरतात, त्यामुळे केस मॅजिस्ट्रेटकडे आहे.

वकील म्हणतात, पुढच्या तारखेला कबूल करा, दंड होईल, विषय संपला. ताईला ते पटलंय, तिला कोर्टाची पायरीच नको झालीये. मला धास्ती वेगळीच आहे. दंड झाला तरी ती शिक्षाच ना? उद्या नोकरीच्या फॉर्मवर 'शिक्षा झाली आहे का' या रकान्यात पोरानं काय लिहायचं?

म्हणून कायदा उघडून बसलो आणि जास्तच गोंधळलो. १९५८ च्या प्रोबेशनच्या कायद्यानुसार चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडता येतं, आणि त्यातल्या कलम १२ मुळे शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. हेच हवं होतं! पण एनडीपीएसचं कलम ३३ म्हणतं, हा लाभ १८ वर्षांखालच्यांना, किंवा गुन्हा कलम २६ वा २७ चा असेल तरच. म्हणजे गांजा ओढला (२७) तर प्रोबेशन मिळू शकतं, पण तोच गांजा खिशात होता (२०) तर नाही. खिशात न ठेवता ओढणार कसा, हे कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक.

दुसरा रस्ता उपचारांचा. कलम ६४अ प्रमाणे आरोपी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल तर खटल्यातूनच सूट मिळते. फरदीन खानला २०१२ मध्ये याच कलमाखाली सूट मिळाली होती. कलम ३९ मध्ये दोषी ठरल्यावर उपचारांसाठी बाँडवर सोडतात, वर्षभरात अहवाल द्यायचा, तो समाधानकारक असेल तर समज देऊन सोडून देतात. पण दोन्ही कलमं फक्त 'व्यसनी' माणसासाठी. आमचा पोरगा शनिवार-रविवारी मित्रांत बसून ओढणारा. पूर्ण आहारी गेला असता तर कायद्यानं त्याला जास्त सांभाळून घेतलं असतं!

एका नातेवाइकाचा सल्ला, "मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर ठेवा आणि कागद आणा." खोटं व्यसन दाखवायला मन तयार नाही. आता कलम २० मधून सुटण्यासाठी केस लढवावी, की कबुली द्यावी?

प्रतिसाद १
काका, कबुली देऊ नका. कबुली दिली की दोन्ही कलमांत दोषी, आणि २० मुळे प्रोबेशन गेलं. आधी पंचनामा आणि सॅम्पलिंगचे कागद नीट तपासून घ्या, अल्प प्रमाणाच्या केसेसमध्ये तिथेच त्रुटी निघतात. २० टिकलं नाही आणि २७ उरलं, तर प्रोबेशनचा अर्ज द्या. कोर्ट परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा अहवाल मागवतं, ते घरी आणि कॉलेजात चौकशी करतात. मात्र कलम १२ बद्दल गैरसमज नको. अपात्रता जाते, दोषसिद्धी पुसली जात नाही. फॉर्मवर स्पष्ट विचारलं असेल तर खरंच लिहावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल वाचा, त्यात माहिती लपवण्याबद्दल सगळं आलंय.

प्रतिसाद २
व्यसन आहे की नाही हे घरच्यांनी ठरवू नये. दर आठवड्याला ओढणारा पोरगा स्वतःला व्यसनी म्हणत नाहीच. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात एकदा तपासून घ्या. डॉक्टर अवलंबित्व आहे म्हणाले तर ६४अ खरोखरच लागू होतं. मात्र उपचार अर्धवट सोडले तर सूट काढून घेता येते.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. सिव्हिलचा मुद्दा सुचलाच नव्हता. सोमवारी त्याला घेऊन जातो. पुढच्या तारखेला कबुली नाही, हे ताईला सांगितलंय. वकील बदलायचा की याच वकिलांना लढायला लावायचं, यावर कुणाचा अनुभव असेल तर लिहा.