कोलेस्टेरॉलची गोळी आणि लिव्हरची भीती : तुमचे अनुभव सांगा

माझ्या वडिलांना स्टेंट बसवून सहा वर्षं झाली. कोलेस्टेरॉल कमी करणारी ॲटोरव्हास्टॅटिनची गोळी चालू आहे असं आम्ही धरून चाललो होतो. आई रोज रात्री जेवणानंतर गोळी आणि फुलपात्र त्यांच्यापुढे ठेवायची, ते 'घेतो' म्हणायचे. दिवाळीच्या साफसफाईत कपाटात धोतरांच्या घडीखाली रुमालात बांधलेल्या दीडेकशे गोळ्या सापडल्या. रक्त तपासलं तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७८ वरून १६९ वर गेलेलं. कारण विचारलं तर म्हणाले, "ह्या गोळीने लिव्हर जातं, सगळे सांगतात."

मला त्यांच्यावर रागवता आलं नाही. ही भीती घरोघरी आहे. म्हणून विचारते, तुमच्याकडे काय झालं? रिपोर्टचे आकडे आणि डॉक्टर काय म्हणाले तेही लिहा.

सांगलीहून

आमची आई तीन वर्षं रोसुव्हास्टॅटिन (तशीच कोलेस्टेरॉलची गोळी) घेत होती, काही त्रास नव्हता. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरात गुळवेलीचा काढा सुरू झाला. परसातल्या कडुलिंबावर वेल होती, तीच कापून आणायची, ठेचायची आणि पातेलंभर पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं. दोन वेळा, सलग तीन महिने. जूनमध्ये तिची भूक गेली आणि लघवी गडद व्हायला लागली. एका सकाळी अंगणात उजेडात बसली होती, तेव्हा डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा दिसला. एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ६४० आलं.

आम्ही सगळ्यांनी आधी कोलेस्टेरॉलच्या गोळीलाच दोष दिला. डॉक्टरांनी मात्र सांगितलं, पोटात जे जे जातं ते सगळं पिशवीत घालून आणा. काढ्याचा वाळलेला चोथासुद्धा नेला. कावीळ ए, बी, सी, ई सगळ्या तपासल्या, काही नव्हतं. मग गोळी आणि काढा दोन्ही बंद. आकडे उतरायला दहा आठवडे लागले. त्यानंतर गोळी पुन्हा सुरू केली आणि एसजीपीटी आजवर चाळिशीच्या आत आहे. काढा मात्र परत दिला नाही. त्याच वर्षी मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नव्हतं. आईच्या बाबतीत जे पाहिलं ते मी लिहिलं आहे. औषध घेणाऱ्यांनी काढा, चूर्ण, पावडर काहीही असो, डॉक्टरांपासून लपवू नका, एवढी हात जोडून विनंती.

नाशिकहून

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २, एसजीपीटी ७८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३१०. तरी डॉक्टरांनी स्टॅटिन (वरच्या दोन्ही गोळ्या याच प्रकारातल्या) लिहून दिलं, तेव्हा मी घाबरलो. त्यांनी कागदावर लिव्हर काढून समजावलं : कोलेस्टेरॉल मुख्यतः इथेच तयार होतं, गोळी ते कमी करते, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. फॅटी लिव्हर हे गोळी टाळायचं कारण नाही. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिपटीपुढे गेलं तर विचार करू, म्हणाले.

मी तूप बंद करून बसलो होतो. दिवसाला पाच कप गोड चहा, सोबत खारी आणि रविवारची दारू याकडे लक्षच नव्हतं. ते सोडलं, रात्री ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, रोज पाऊण तास चालणं. दहा महिन्यांत वजन ८४ वरून ७७. एसजीपीटी ३६.

ठाण्याहून

थोडक्यात लिहिते. एलडीएल १८२ होतं, पण टीएसएच (थायरॉइडची तपासणी) वाढलेलं, १४ निघालं. आधी थायरॉइडची गोळी सुरू केली, चार महिन्यांत एलडीएल १२९. पहिल्यांदा कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की थायरॉइड तपासून घ्या.

पुण्याहून

रक्त देण्याच्या आदल्या संध्याकाळी जिममध्ये खूप स्क्वॉट मारले होते. एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीतलं दुसरं एन्झाइम) ११८. मी स्टॅटिन बंदच करणार होतो. डॉक्टरांनी सीपीके (स्नायूंना ताण पडला की वाढणारं एन्झाइम) तपासायला लावलं, तेही वाढलेलं. एसजीओटी स्नायूंतूनही येतं हे तेव्हा कळलं. आठवडाभर विश्रांती घेऊन तपासलं, एसजीओटी ३४.

बंगळुरूहून

मी ३६ वर्षांचा, सडपातळ, शाकाहारी, दारू नाही. एलडीएल २२१. आहार कितीही बदलला तरी २०० च्या खाली येईना. वडील ४४ व्या वर्षी हृदयविकाराने गेले, काका ४७ व्या. हा घराण्यातून येणारा प्रकार आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळीवर आता ९८ आहे, लिव्हरचे आकडे ठीक. त्यांनी मुलीचंही तपासायला सांगितलं आहे. ती नऊ वर्षांची, सुईला घाबरते. शनिवारी नेतो आहे.