सणांची गाणी: आठ देश की तीन?

प्रेषक: बालविभाग

नमस्कार मंडळी,

मुलांच्या हिवाळी कार्यक्रमाच्या यादीत आठ देश आले आहेत. आठ गाणी, प्रत्येकाला दोन मिनिटं, मधे झेंडे. यातून मुलं फक्त परके उच्चार घोकतात, सण कुठेच दिसत नाही. माझं मत असं की सणात ज्या गाण्याला काही काम आहे तेवढीच घ्यावीत. मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबरच्या पोसादांमध्ये (नाताळआधीच्या संध्याकाळच्या सोहळ्यांत) डोळे बांधून काठीने पिन्याता, म्हणजे टांगलेलं, आत खाऊ भरलेलं कवच, फोडताना जे गातात ते चक्क घड्याळ असतं: गाणं संपलं की पाळी संपली. जर्मनीत ११ नोव्हेंबरच्या आसपास सेंट मार्टिनच्या मिरवणुकीत मुलं हातात कंदील घेऊन गात चालतात, म्हणजे ती गाणी पावलांसाठी. स्वीडनमध्ये १३ डिसेंबरला पांढरा झगा, कमरेला लाल फीत आणि डोक्यावर दिव्यांचा मुकुट घातलेली, संत लुसिया झालेली मुलगी अंधाऱ्या खोलीत प्रवेश करते, तिच्यामागून बाकीची मुलं. तिथे गाणं प्रवेशासाठी. माझ्या लेखी हे तीन पुरेत.

चालींबद्दल काकांनी आणि कागदकामाबद्दल ताईंनी लिहावं.

प्रेषक: पेटीवाले काका
विषय: उत्तर: सणांची गाणी: आठ देश की तीन?

तीनच घ्या, पण लुसियाला सर्वांत जास्त तालमी द्या. चाल मूळची इटलीतल्या नेपल्सची, होडीच्या गाण्याची, तीन-तीन मात्रांची. मुलं प्रत्येक मात्रेला पाऊल टाकायला जातात, धांदल उडते आणि मुकुट डोळ्यांवर येतो. तीन मात्रांना एकच पाऊल टाकायचं, तेही पहिल्या मात्रेवर: एकदा उजवं, एकदा डावं. आधी शब्दांशिवाय नुसतं 'एक-दोन-तीन' म्हणत चालवा. शब्द नंतर.

कंदिलाच्या गाण्यांत ही अडचण येत नाही, दोनाच्या चालीत पाय आपोआप बसतात. तिथे घोळ वेगळाच होतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ५० मीटर लांब रांगेत पुढचा सूर मागच्याला ०.१५ सेकंद उशिरा ऐकू येतो. चालण्याच्या लयीत एक ठोका साधारण ०.६ सेकंदाचा, त्यामुळे मागची मुलं पाव ठोका मागे पडतात आणि पुढच्यांना वाटतं तीच रडतखडत गात आहेत. पंधरा-वीस मुलांचे गट करा, दोन गटांत चांगलं अंतर ठेवा, आणि गाणं उचलणारा मोठा माणूस गटाच्या मधोमध चालू द्या. त्याला सर्वांत पुढे ठेवलं की मागच्यांना काहीच ऐकू येत नाही.

आणि पट्टी. बाबालोक आपल्या सोयीने खाली धरतात, मग पाच वर्षांची मुलं गाण्याऐवजी बोलू लागतात. लहानांचा सोयीचा आवाज पेटीच्या मधल्या सप्तकात पांढरी दोन (दुसरी पांढरी पट्टी) ते पांढरी सहा एवढाच असतो. गाण्याचा सर्वांत खालचा सूर पांढरी दोनच्या खाली जाणार नाही अशी पट्टी धरा.

प्रेषक: एक आई

काका, जपानचं साकुरावरचं, म्हणजे चेरीच्या फुलांवरचं, पारंपरिक गाणं मुलांना आवडतं. ते पूर्णच वगळायचं का?

प्रेषक: पेटीवाले काका

ते वसंतातल्या फुलांचं गाणं आहे, डिसेंबरच्या कार्यक्रमात कशाला घुसवायचं? वसंतात जरूर घ्या. शिकवणं तुम्हाला जड जाणार नाही. शेवटच्या सुराला सा मानलंत तर सूर येतात सा, कोमल रे, म, प, कोमल ध, म्हणजे आपल्या गुणकली रागाचेच. मुलांचा कोमल रे हमखास चढतो. पेटीवर तो सूर धरून ठेवा आणि शेवटी त्यावरून 'सा'वर सावकाश उतरवा. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नको, तिथे सूर सरळच लागतात.

प्रेषक: हस्तकला गटाच्या ताई
विषय: कंदील आणि पिन्याता

कंदिलासाठी चीजचा १६ सेंमी व्यासाचा गोल पुठ्ठ्याचा डबा घ्या. तळ खालच्या बाजूला, झाकणाचा मधला भाग कापून उरलेली कडी वरच्या बाजूला. घेर येतो ५० सेंमी, म्हणून कागद ५२ सेंमी लांब आणि २० सेंमी उंच. साधा चित्रकलेचा कागद चालतो, पण रंग जलरंगच हवेत. पोस्टर कलर अपारदर्शक असतात, दिवा लागला की त्या जागी नुसते काळे डाग दिसतात. रंग पूर्ण वाळल्यावर कापसाने खाद्यतेल चोळायचं, कागद अर्धपारदर्शक होतो. चारी कडा २ सेंमी कोरड्या सोडा, कारण तेलावर गोंद धरत नाही आणि तेल थोडं पसरतंच. जास्तीचं तेल टिपून कागद रात्रभर पसरून ठेवा. या कागदात मेणबत्ती अजिबात नाही, बॅटरीच्या दिव्याची काठीच वापरायची. लुसियाच्या मुकुटालाही तोच नियम.

पिन्याताला निदान आठवडा हाती ठेवा. फुगा ३० सेंमीचा, वर्तमानपत्राच्या ३ सेंमी रुंद पट्ट्या, खळीसाठी एक वाटी मैदा, दोन वाट्या पाणी आणि बुरशी येऊ नये म्हणून चिमूटभर मीठ. एक थर आडवा, पुढचा उभा, म्हणजे कुठे राहिलंय ते लगेच कळतं. तीन थर पुरे, दहा वर्षांवरच्यांसाठी चार. प्रत्येक थर खडखडीत वाळल्याशिवाय पुढचा नाही, त्याला एकेक दिवस धरा. घाई केली तर फुगा फोडताच कवच आत बसतं. उलट, पाच-सहा थर चढवले तर ते फुटतच नाही, आणि शेवटी कुणीतरी बाबा येऊन हाताने फाडतात!

दोरी नुसती कागदाला भोक पाडून बांधली तर पहिल्याच फटक्याला कागद फाटून सगळं खाली येतं. वरच्या ८ सेंमीच्या तोंडातून आत १२ सेंमीची काडी आडवी घाला आणि दोरी तिला बांधा. बाहेरून पुठ्ठ्याचे सात शंकू लावायचे. ख्रिस्ती धर्मातल्या सात महापापांची ती सात टोकं, असं तिकडे सांगतात. क्रेप कागदाची झालर खालून वर चिकटवत जा, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीचा गोंद झाकते.

आत परंपरेने शेंगदाणे, उसाचे करवे, संत्री. पण ती पूर्वीच्या मातीच्या मडक्याची गोष्ट. आपल्या कागदी कवचात एक किलोच्या आत सुकी गोळ्या-चॉकलेटं भरा. शेंगदाणे घालायचे तर पालकांना ॲलर्जीबद्दल आधी विचारा.

दोरी तुळईवरून घ्या, दुसरं टोक मोठ्याच्या हातात, म्हणजे मूल पाहून वर-खाली करता येतं. लहान मुलं आधी, नाहीतर मोठी पहिल्याच पाळीत फोडतात. बाकीची मुलं ४ मीटर दूर उभी. अपघात होतो तो फुटल्याच्या क्षणी: खाऊ सांडतो, सगळे धावतात, आणि डोळे बांधलेलं मूल अजून काठी फिरवतच असतं. म्हणून फुटलं तरी गाणं थांबवायचं नाही. काठी मोठ्याने हातात घेतली की मगच काकांनी पेटी थांबवावी, आणि पेटी थांबल्यावर मुलांनी धावावं.

प्रेषक: बालविभाग

ठरलं. पाळीची वाट पाहणाऱ्यांसाठी एका टेबलावर हनुक्का या ज्यू सणातली ड्रेडेल, म्हणजे चार बाजूंवर चार हिब्रू अक्षरं असलेला भोवरा, ठेवू, तिला चालही लागत नाही. प्रत्येकाला १० गोट्या, सुरुवातीला एकेक मधे. भोवऱ्यावर 'नून' अक्षर पडलं तर काही नाही, 'गिमेल' पडलं तर सगळं उचला, 'हे' पडलं तर अर्धं, 'शिन' पडलं तर एक घाला. मधल्या गोट्या संपल्या की पुन्हा सगळ्यांची एकेक. विषम संख्येचं अर्धं वर धरायचं की खाली, हे मात्र खेळाआधी मोठ्याने सांगा. भांडण तिथेच होतं.