मित्राच्या बंदिशींच्या वह्या: स्वच्छ उतरवाव्यात की तशाच ठेवाव्यात?

लष्करचा तबलजी:
नमस्कार. ग्वाल्हेरला एका गायनशाळेत मी तबला शिकवतो. शेजारच्या खोलीत गाणं शिकवणारा माझा मित्र मार्चमध्ये हृदयविकाराने गेला. वय ४१. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं सुरू करायचं झालं की तो भिंतीवर टकटक करायचा, मी जोडी उचलून जायचो. तिलवाडा तालाच्या सोळा मात्रांत मुलं चुळबुळ करायची, पण आधी बंदिशीचे दोन्ही भाग, अस्ताई-अंतरा, पूर्ण म्हटल्याशिवाय तो आलापाला हात घालू द्यायचा नाही. आपल्या ग्वाल्हेर घराण्याची हीच रीत, म्हणायचा.

वहिनींनी त्याच्या वह्या मला दिल्यात. स्वरलिपी भातखंड्यांचीच: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. पण वरून पेन्सिलीने बाण आणि शेरे आहेत. ‘हिला इथे दम पुरत नाही, आधीच घेऊ दे.’ ‘हा घाबरतो, समेला त्याच्याकडे बघू नये.’ मुलांना बंदिशींच्या स्वच्छ प्रती हव्यात. माझा हात पेन्सिलीपाशी अडतो. तो शिकवायचा कसा, ते तर सगळं तिथेच आहे. काय करावं?

कागदपत्र:
आधी रंगीत स्कॅन करा, निदान ३०० डीपीआयवर. काळं-पांढरं केलंत तर पेन्सिल उडते. फाटक्या पानांना सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा निघत नाही. स्वच्छ प्रत नंतर निवांत करा.

जनकगंज:
सर, मी त्यांच्याकडे सहा वर्षं शिकले. बाण असेल तिथे ते पेटी थांबवायचे. पेटीचे स्वर पट्टीला बांधलेले, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तिच्यातून निघत नाही, म्हणून तेवढी जागा आम्ही नुसत्या तानपुऱ्यावर घ्यायची. सुरुवातीला फार भीती वाटायची. ‘दम पुरत नाही’ बहुतेक माझ्याबद्दलच आहे. कृपा करून खोडू नका.

दौलतगंजच्या मावशी:
अरे, तानसेन समारोहाला डिसेंबरच्या थंडीत हा हजिऱ्याला, तानसेनच्या समाधीपाशी, पोरांची रांग घेऊन यायचा. माझा नातू पेंगला तर स्वतःची शाल त्याच्यावर टाकली आणि गाणं संपेपर्यंत तसाच कुडकुडत बसला. १९२४ पासूनचा तो समारोह, मोठमोठे गवई ऐकले मी तिथे. तरी यंदा जाईन तेव्हा त्या रांगेलाच शोधेन. वह्या छापा, बाणांसकट छापा.

लष्करचा तबलजी:
बाई, बाणांचं मला ठाऊकच नव्हतं. भिंतीपलीकडून पेटी मध्येच बंद झालेली ऐकू यायची, मला वाटायचं भाता बिघडलाय.

वहिनींशी बोललो. मूळ वह्या त्यांच्याकडेच राहतील. प्रतीत बंदिशी शाईने, बाण आणि शेरे पेन्सिलीनेच, मुलांची नावं तेवढी गाळून. यमनपासून सुरू करतोय. त्यात एका तीव्र मध्यमापाशी बाणाभोवती गोल केलाय. त्याचा अर्थ कोणाला आठवतोय का?