काम आधीचं, काच नंतरचा

वर कुणीतरी लिहिलंय की ख्रिस्ती धर्मात काम म्हणजे आदामाच्या पापाची शिक्षा, म्हणून रविवार तेवढा देवाचा आणि बाकीचे सहा दिवस नुसते पोटाचे. हे मला अजिबात पटत नाही. घाम गाळून भाकर खाण्याचं वचन बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आहे, खरं. पण त्याआधीच, दुसऱ्या अध्यायात (2:15) देव माणसाला एदेन बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करायला. म्हणजे काम पापाच्या आधीचं, त्यातला काच, म्हणजे जाच, तेवढा नंतरचा. आणि तिथल्या मशागतीसाठी जो हिब्रू धातू आलाय, तोच पुढे देवाच्या सेवेसाठी, उपासनेसाठीही येतो. शेत आणि मंदिर, दोन्हींना एकच शब्द!

या चर्चेत केडगावच्या मुक्ती मिशनचं, म्हणजे पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेल्या आश्रमाचं, नाव कसं आलं नाही याचं नवल वाटतं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. 1922 साली त्या गेल्या, ग्रंथ छापून आला 1924 मध्ये. तो छापला गेला मिशनच्याच छापखान्यात, आणि छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवणाऱ्या होत्या तिथे आसऱ्याला आलेल्या बायका. विधवा, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली, ज्यांना घरच्यांनी ओझं मानलं होतं अशा. सकाळची प्रार्थना आटोपून त्या छापखान्यात, मागावर, शेतात जात. त्यांच्या बोटांवरची शाई निव्वळ पोटासाठी होती, असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.