बीचवर स्वतः घोडा चालवायचाय, अलिबाग की काशीद?

मंडळी, मदत हवी आहे. मुलगी रायडिंग शिकतेय, ट्रॉटपर्यंत (घोड्याची दुडकी चाल) आलीये, आता हट्ट की समुद्रावर घोडा चालवायचाच. अलिबाग-काशीदला घोडे असतात पण घोडेवाला लगाम धरून जरा लांब नेतो आणि परत आणतो, ते फोटोपुरतं ठीक. अनुभव बघून लगाम हातात देणारं कोणी माहितीये का? जायचं ओहोटीलाच, ओली वाळू घट्ट असते, वरच्या भुसभुशीत वाळूत घोड्याचे पाय रुततात. पण अलिबागला नेमकी तेव्हाच कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्यांची ये-जा, म्हणून काशीद बरं वाटतंय, तेही आठवड्याच्या मधल्या वारी. हेल्मेट आमचं आणू. खोगिराखाली जखमा असलेला घोडा मात्र नको, आधी बघूनच बसणार. रेट काय चाललाय, आणि ग्रामपंचायतीला विचारावं लागतं का?