मदत हवी आहे: प्लॅस्टिक वॉशर कापायला न्यूमॅटिक प्रेस, १६० बोअर की २००?

नमस्कार मंडळी,

साकीनाक्याला दुसऱ्या मजल्यावर छोटा गाळा आहे. २ मिमी पॉलिप्रॉपिलीन शीटमधून वॉशर काढतो. बाहेरचा व्यास ४० मिमी, मधलं भोक १२. सध्या सगळं हँड प्रेसवर. दुपारनंतर मुलांचे खांदे भरून येतात, आणि हात जरा हलका पडला की कडेला केसासारखी बर (न सुटलेला प्लॅस्टिकचा तंतू) राहते. पॉवर प्रेस वरच्या मजल्यावर नको, दणके खालच्या गाळ्याला बसतात. म्हणून न्यूमॅटिक, म्हणजे दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारा.

नागदेवी स्ट्रीटवरचा एक दुकानदार म्हणाला, १०० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आरामात चालेल. मला पटत नाही. लागणारा जोर म्हणजे कापायची कड गुणिले जाडी गुणिले शिअर स्ट्रेंग्थ (कापलं जाताना माल करतो तो विरोध), हा हिशेब. शिअर ३५ न्यूटन प्रति चौ. मिमी धरली. बाहेरचा परीघ १२५.७ मिमी, म्हणजे ८८०० न्यूटन, भोकाचा ३७.७, म्हणजे २६४०. दोन्ही एकदम मारले तर ११,४४०, सुमारे ११६५ किलो. आणि ६ बार हवेच्या दाबाला १०० चा सिलिंडर देतो ४७१० न्यूटन. निम्मंही नाही! १६० चा देतो १२,०६०, २०० चा १८,८५०.

कागदावर १६० पुरतो, पण काठावर. लाइनमध्ये प्रेशर पडून मशीनपाशी ५ बारच पोचलं तर १०,०५० उरतात. शिवाय पंच (वरून येऊन कापणारा भाग) बोथट होत जाणार, त्याची वेगळी सोय हवी.

माझा विचार असा: भोकाचा पंच थोडा लांब ठेवायचा, म्हणजे भोक पडून झाल्यावरच बाहेरचा कट सुरू होईल. मग एका वेळी जास्तीत जास्त ८८०० लागतील आणि १६० ला बरी जागा मिळेल. रोजच्या कामात कोणी असा डाय (कापायचा साचा) चालवला आहे का? भोक आधी पाडल्यावर शीट सरकते का?

२०० घ्यायला हात आखडतो तो हवेमुळे. ५० मिमी स्ट्रोकला (पिस्टनच्या चालीला) जाऊन-येऊन साधारण २१ लिटर मोकळी, म्हणजे दाबण्याआधीची, हवा. मिनिटाला १५ तुकडे धरले तरी ३०० लिटरच्या वर. माझा कॉम्प्रेसर ३ एचपीचा, तो सतत धापा टाकत राहील. की छोटा सिलिंडर आणि टॉगलचा (सांध्याच्या दांड्यांनी जोर वाढवणारा) प्रेस घ्यावा? टॉगलला जोर शेवटच्या काही मिलिमीटरमध्येच मिळतो, त्यामुळे डायची उंची अचूक लावावी लागेल.

आणखी एक, शीट तुटल्याबरोबर दाबलेली हवा पंच खाली फेकते. त्याला नुसता स्टॉपर पुरतो की ऑइल डॅम्पर (तेलाने धक्का शोषणारा) लावता? दोन हातांचं बटण (दोन्ही हातांनी दाबलं तरच प्रेस चालेल असं) मी लावणारच आहे, त्यात तडजोड नाही.

पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा एबीएस (दुसरं एक प्लॅस्टिक) कापणाऱ्यांनी आपला बोअर, शीटची जाडी आणि मशीनपाशी प्रत्यक्ष मिळणारं प्रेशर कृपया सांगावं.