घाबरट भुभूला फोस्टर केलंय? तुमचा अनुभव सांगा

मंडळी, 3 आठवड्यांपूर्वी आमच्याकडे साधारण दीड वर्षाची एक इंडी (आपली देशी कुत्री) फोस्टरला, म्हणजे थोड्या दिवसांसाठी सांभाळायला, आलीये. गाडीने उडवलं होतं, मागच्या पायाचं ऑपरेशन झालं, आणि शेल्टरच्या गोंगाटात ती अन्नाला तोंडच लावेना म्हणून 2 महिन्यांसाठी घरी आणली. पहिले 4 दिवस सोफ्यामागे वेटोळं करून पडून होती, म्हणून नाव पडलं जिलबी. शू सुद्धा रात्री 2 वाजता, आम्ही झोपल्यावर, बाल्कनीत. रेस्क्यूवाली ताई म्हणाली 3-3-3 लक्षात ठेव, 3 दिवस बावरलेले, 3 आठवड्यांत घरची रीत कळते, 3 महिन्यांत घर आपलं वाटतं. अर्थात हा ठोकताळाच.

सुरुवातीला मी चूक केली. मायेने सोफ्यामागे हात घालून गोंजारायला गेले, ती ताठ झाली, ओठ चाटायला लागली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, आणि मला वाटलं शांत झाली. शांत कसली, भीतीने थिजली होती बिचारी. आता दुपारी मी जमिनीवर तिच्याकडे पाठ करून भाजी निवडत बसते, बोलत नाही, बघत नाही, मधूनच उकडलेल्या चिकनचा तुकडा (मीठ, कांदा, लसूण काही नाही) तिच्याही पलीकडे टाकते, म्हणजे खाण्यासाठी तिला माझ्यापासून लांब जायला मिळतं. हातात खाऊ धरून बोलावलं की भूक पुढे ओढते आणि भीती मागे, त्यात तिचे फार हाल होतात. परवा मेथी निवडत होते तर कोपराला काहीतरी गार लागलं. नाक होतं! मी श्वास रोखून तशीच बसले, तिने मेथीची एक काडी उचलली, सोफ्यापर्यंत नेली आणि तिथे टाकून दिली. ती काडी मी त्या दिवशी कुणाला केरात टाकू दिली नाही.

पण मिक्सर लावला, ताट पडलं की परत पहिले पाढे. तुम्ही काय केलंत, किती दिवस लागले, सगळं लिहा. जमलं नाही तेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो.

*

पुण्याहून लिहितोय. आमचा मोती जुलैत आला आणि जुलै म्हणजे इकडे नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. सहाव्या दिवशी संध्याकाळी त्याला खाली नेलं, पहिला ढोल वाजला आणि हा उलट्या पावली मागे सरकत सरकत हार्नेसमधून (छातीभोवती घालतात तो पट्टा) सुटला. कुत्रं मागे खेचायला लागलं की हार्नेस डोक्यावरून निघू शकतो, हे मला तेव्हा कळलं. मी धावलो, माझ्यामागे सोसायटीची दहा पोरं धावली, आणि जेवढे आम्ही धावलो तेवढा तो लांब गेला.

2 रात्री बाहेर होता. दुसऱ्या दिवशी रेस्क्यूच्या एक काकू आल्या आणि त्यांनी सगळ्यांना घरी पाठवलं. म्हणाल्या, घाबरलेलं कुत्रं हाका मारणाऱ्याकडे येत नाही, मालकाकडे सुद्धा नाही, त्याला वासाने येऊ दे. मग तो सुटला त्याच जागी त्याची गोधडी आणि माझा 2 दिवस घातलेला टीशर्ट ठेवला, ठरल्या वेळी वाटीत कलेजी ठेवून लांब जाऊन बसायचो. तिसऱ्या दिवशी पहाटे 5 ला तो भिंतीच्या कडेकडेने आला, टीशर्टवर नाक घासत राहिला. मी फुटपाथवर आडवा पडून होतो, तोंड दुसरीकडे करून. माझ्या पायाशी येऊन बसला तेव्हा मला रडूच फुटलं, पण हललो नाही, पट्टा अडकवेपर्यंत हललो नाही.

तेव्हापासून कुणी फोस्टर घेतंय म्हटलं की मी आधी हेच सांगतो, 2 पट्टे लावा, एक गळपट्ट्याला, एक हार्नेसला, एक तरी कमरेला बांधलेला. गळपट्ट्यावर फोन नंबर पहिल्या दिवसापासून, घरात असताना सुद्धा. आणि घराचं दार उघडण्याआधी मधलं दार बंद.

ढोलाचं म्हणाल तर सरावाच्या वेळी घरातली मधली खोली, खिडक्या बंद, पंखा जोरात. लोक म्हणायचे जवळ घेऊ नका, लाडाने भीती वाढते. मला हे अजिबात पटत नाही. भीती म्हणजे शेकहँड नव्हे, खाऊ मिळाला म्हणून परत परत करायला. तो मांडीत शिरत असेल तर मी शिरू देतो. मग जानेवारीपासून ढोलाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात, जेवणाच्या वेळी, कान मागे गेले की आवाज कमी, असं आठवडे न् आठवडे केलं. पुढच्या गणपतीत ढोल सुरू झाल्यावर तो उठून मधल्या खोलीत गेला, पण जेवण संपवून गेला. (फोस्टर होता, आता आमचाच आहे.)

*

चिपळूणहून थोडक्यात. आमची फोस्टर कोपऱ्यातून हलायचीच नाही, हात लावला की गुरगुरायची, आम्ही महिनाभर भीती भीती म्हणत बसलो. शेवटी रक्त तपासलं तर गोचीडताप, प्लेटलेट्स पार खाली. 3-4 आठवडे गोळ्या झाल्या आणि तिसऱ्या आठवड्यात बाई अंगणात खेकड्यामागे! जिलबीच्या पायाचं ऑपरेशन झालंय ना ताई, तर पाय अजून दुखतोय का ते एकदा डॉक्टरांना दाखवाच. दुखणारं कुत्रं आणि घाबरलेलं कुत्रं लांबून सारखंच दिसतं.

*

आम्ही मेरीलँडला असतो. 2022 च्या उन्हाळ्यात व्हर्जिनियात प्रयोगशाळांसाठी बीगल जातीची कुत्री पैदा करणारं एक केंद्र बंद झालं आणि तिथून सुमारे 4000 कुत्री बाहेर काढली, बातम्यांत वाचलं असेल. त्यातली एक आमच्याकडे आली. कानाच्या आत नंबर गोंदलेला. नाव नाही, नंबर.

रस्त्यावरच्या कुत्र्याला जग माहीत असतं, त्यातलं काही वाईट असतं. हिला जगच माहीत नव्हतं. पिल्लू 3 ते 14 आठवड्यांचं असताना जे बघतं, हुंगतं, ते त्याला पुढे आपलं वाटतं, आणि हिने तेव्हा पिंजरा सोडून काही बघितलंच नसणार. गवतावर ठेवली तर एकेक पाय उचलून झटकत होती. जिना म्हणजे काय ते कळेना, आरशाला घाबरायची. वाडग्यात साजूक तूप लावलेली पोळी दिली तर नुसती बघत राहिली, हे खायचं असतं हेच माहीत नाही. माझ्या आईला (तेव्हा इकडे आली होती) ते बघवेना, ती रोज तिच्याशेजारी बसून व्यंकटेशस्तोत्र म्हणायची, हळू आवाजात, रोज त्याच वेळी. मला वाटतं रोज तीच वेळ, तोच आवाज, याचाच तिला खरा आधार झाला.

तिला शिकवलं मात्र आमच्या म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरने. तो जिना चढायचा, ही खाली उभी राहून बघायची. तो गवतात लोळायचा, ही बघायची. तिला ओढत कुठेच नेलं नाही. साडेतीन महिन्यांनी एका सकाळी ती त्याच्यामागून दोन पायऱ्या चढली आणि तिथेच थांबून शेपूट हलवायला लागली, त्याच्याकडे बघून, आमच्याकडे नाही. चालेल की! घरात दुसरं शांत कुत्रं असेल तर घाबरटाला तिथेच पाठवा असं मी शेल्टरला नेहमी सांगते.

*

आमचं जमलं नाही. ठाण्यात नवव्या मजल्यावर राहतो. लिफ्टमध्ये तो थरथरायचा, लाळ गळायची, रोज 4 वेळा तेच, म्हणजे सकाळची भीती उतरायच्या आत दुपारची चढायची. 5 आठवडे प्रयत्न केले, जिन्याने उचलून नेलं, 19 किलोचं कुत्रं. शेवटी बदलापूरकडे बैठं घर आणि अंगण असलेल्या एका कुटुंबाकडे त्याला हलवलं. तिथे आठवड्यात तो उन्हात उताणा झोपायला लागला. मला खूप दिवस अपराधी वाटायचं, पण तो व्हिडिओ बघितला की वाटत नाही. घर चांगलं असून चालत नाही, त्या कुत्र्याला झेपणारं लागतं.

*

नाशिक. आमच्या फोस्टरला काठीची भीती होती, कुणी मारलं असणार, आणि माझे बाबा काठीशिवाय चालू शकत नाहीत. ते उठले की ती शू करायची जागच्या जागी. मी म्हटलं परत पाठवू. बाबा म्हणाले थांब जरा.

त्यांनी काय केलं, काठी हॉलमध्ये मधोमध जमिनीवर आडवी ठेवून दिली आणि स्वतः खुर्चीतून उठायचेच नाहीत, बाथरूमला जायचं तर मला हाक. काठीच्या आजूबाजूला शेंगदाण्याएवढे पनीरचे तुकडे. पहिल्या दिवशी ती खोलीतच आली नाही. चौथ्या दिवशी लांबचे तुकडे संपले. दहाव्या दिवशी काठीवर ठेवलेला तुकडा खाल्ला, मान लांब करून, मागचे पाय दारातच. मग बाबा काठीचं एक टोक धरून बसायला लागले, मग बोटभर उचलायला. 82 वर्षांचा माणूस, पण दोन महिने घाई केली नाही. आता ती त्यांच्याबरोबर कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाते, काठीच्या बाजूने चालते.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. 2 पट्टे आजच आणले, नंबर कोरलेला बिल्ला करायला दिलाय. चिपळूणकर, पायाचं तुम्ही म्हणालात ते डोक्यात राहिलं, नीट बघितलं तर ती बसताना तो पाय बाहेर काढून बसते, शनिवारी एक्सरेची वेळ घेतलीये. मिक्सर सध्या बाल्कनीत नेऊन, दार लावून फिरवतेय. उद्या परत मेथी आणणार आहे.